घरी बनवलेल्या सागवानी गिटारला लाख लावू की तेल? (पीयू म्हणजे पॉलियुरेथेन सोडून सांगा)

सैल_खुंटी:
नमस्कार मंडळी. पंचवटीत आमच्या जुन्या वाड्याचं काम काढलं तेव्हा दारांच्या चौकटी निघाल्या, घट्ट जुनं सागवान, भंगारवाला किलोवर मागत होता, दिलं नाही. त्यातल्या दोन फळ्या मधोमध जोडून इलेक्ट्रिक गिटारची बॉडी कापलीये, टेलीच्या (फेंडर टेलिकास्टरच्या) आकाराची. नेक मेपलची तयार मागवली, बोल्टवाली, फ्रेटबोर्ड (बोटं दाबायची पट्टी) शिसवीचा. पिकअपचे (तारांचा आवाज उचलणाऱ्या चुंबकांचे) खड्डे झाले, नेकची खाच झाली, सगळं कच्चं जोडून वाजवून पण पाहिली. आता राहिलंय फक्त फिनिश आणि तिथेच घोडं अडलंय.

मला रंग नको, पीयू नको, चकाकी तर नकोच. लाकडाच्या रेषा दिसल्या पाहिजेत आणि हाताला लाकूड लागलं पाहिजे. आमचे मिस्त्री म्हणतात मेलामाइन (फर्निचरला मारतात ते कडक कोटिंग) मारून देतो, परवा घेऊन जा. घाण्यावरून जवसाचं तेल आणून उरलेल्या तुकड्यावर लावून बघितलं तर आठवडा उलटला तरी बोट ठेवलं की चिकटतंय, त्यात बाहेर पाऊस काही थांबत नाही. नक्की काय लावू, कुठल्या क्रमाने लावू, आणि नाशकात सामान कुठे मिळेल ते सांगा. घरात शिसवीची एक फळी पण पडून आहे, पुढेमागे अकूस्टिक करायचा विचार आहे, तेव्हा इथे जे शिकेन ते तिथेही कामाला यावं.

डी_मायनर:
फोटो?

सैल_खुंटी:
टाकतो, लाइट गेलेत सध्या.

मधला_फ्रेट:
मी जरा उलटं बोलतो, राग मानू नका. मिस्त्रींचं ऐका. क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे याने वडिलांबरोबर १९६३ मध्ये घरी गिटार बनवायला घेतली, नेकचं लाकूड शेकोटीवरच्या जुन्या फळीचं, म्हणजे अगदी तुमच्या चौकटीसारखंच प्रकरण, आणि त्यावर त्यांनी काय लावलं? प्लास्टिक कोटिंग! ती गिटार अजून स्टेजवर वाजतेय. इलेक्ट्रिकमध्ये पिकअपला तार कशी हलते ते कळतं, बॉडीवर लाख आहे की पीयू हे त्याला काय घेणंदेणं. उगाच नैसर्गिकच्या मागे लागून महिनाभर फडकी घासत बसाल.

सैल_खुंटी:
आवाजासाठी नाहीच हो म्हणत मी, हाताला कसं लागतं आणि डोळ्याला कसं दिसतं त्यासाठी म्हणतोय. आणि फडकी घासायला मला आवडतं, बायकोला विचारा :)

रंधा_पटाशी:
सैल भाऊ, तेल चिकटतंय त्यात पावसाचा हात आहेच पण खरा गुन्हेगार सागवान आहे. सागात स्वतःची तेलकट द्रव्यं असतात, त्यामुळेच वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही आणि वाड्यांची दारं पिढ्यान् पिढ्या टिकतात, पण तीच द्रव्यं वरून लावलेल्या तेलाला सुकू देत नाहीत. शिसवीची पण हीच रड. तुम्ही तोच प्रयोग आंब्याच्या नाहीतर पॅकिंगच्या खोक्यातल्या पाइनच्या तुकड्यावर करा, पावसात पण बराच फरक दिसेल.

म्हणून सागावर आधी लाख, मग बाकी काय ते. लाख स्पिरिटमध्ये विरघळवून लावतात, ते स्पिरिट उडालं की ती सुकली, तिला हवेतल्या ऑक्सिजनची वाट बघावी लागत नाही, त्यामुळे सागाचं तेल तिचं काही बिघडवत नाही. आणि लाखेचा पातळ पापुद्रा एकदा बसला की त्याच्यावर तेल, व्हार्निश, मेण, काहीही नीट सुकतं. फक्त ती लाख मेण काढलेली हवी, नाहीतर वरचं व्हार्निश पुढे पापुद्रे सोडायची शक्यता असते. नुसतं मेण घासणार असाल तर साधी पण चालेल.

आता तयारी, कारण निम्मं फिनिश पेपरमध्येच असतं. १२० नंबरच्या पॉलिश पेपरपासून सुरुवात करा, मग १८०, मग २२०, कायम रेषेच्या दिशेने, आडवा हात मारलात तर तेव्हा दिसत नाही पण पहिली लाख लागली की सगळे ओरखडे वर येतात. बॉडीच्या कडेला जिथे लाकूड आडवं कापलं गेलंय तिथे ३२० पर्यंत जा, तो भाग जास्त पितो आणि काळपट पडतो. २२० झाल्यावर ओलं फडकं फिरवा, लाकडाचे केस उभे राहतील, वाळू द्या आणि हलक्या हाताने ३२० मारून उडवा. धूळ झटकण्यापेक्षा व्हॅक्यूमने ओढा. मग अ‍ॅसिटोन किंवा एनसी थिनर (लॅकर पातळ करायचं) फडक्यावर घेऊन पूर्ण बॉडी पुसा. फडकं पिवळं-तपकिरी होईल, तेच ते सागाचं तेल. ते उडालं की लगेच लाख, उद्यावर टाकू नका, रात्रीत आतलं तेल परत वर येतं.

स्टील वूल वापरू नका. त्याचे बारीक तुकडे सागाच्या छिद्रात अडकतात आणि ओल लागली की गंजून काळे ठिपके पडतात, ते मग कायमचे.

सैल_खुंटी:
हे म्हणजे फारच कामाचं सांगितलंत दादा. छिद्रं भरायची का? सागाची चांगली मोठी आहेत, नखाला लागतात.

रंधा_पटाशी:
तुमच्यावर आहे. हाताला लाकूड लागलं पाहिजे म्हणताय तर मी भरणार नाही. आपले पॉलिशवाले चॉक पावडरीत पिवडी आणि चिमूटभर गेरू घालून भरतात, फर्निचरला ठीक आहे, पण रंग नीट जुळला नाही तर छिद्रांत पांढरे दाणे दिसत राहतात. त्यापेक्षा दुसऱ्या हाताची लाख ओली असताना ४०० च्या पेपरने घासा, लाकडाचाच भुसा लाखेत कालवून छिद्रात बसतो, रंग शंभर टक्के जुळणारच कारण तो त्याच लाकडाचा आहे. अर्धीमुर्धी भरतात, पण छान दिसतं.

थिनरवाला:
अंबडला रंगाच्या लाइनमध्ये नोकरी करतो म्हणून चार ओळी. तेल सुकतं म्हणजे पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याच्या रेणूंचं आपापसात जाळं विणलं जातं आणि ते घट्ट होतं. हे कुठल्या तेलाला जमतं ते साधारण आयोडीन व्हॅल्यूवरून कळतं, आकडा जितका मोठा तितकं तेल चांगलं सुकतं. जवसाची १७० ते २०० च्या आसपास, खोबरेलाची जेमतेम १०. म्हणून खोबरेल तेल गिटारला लावा म्हणून जे व्हिडिओ फिरतात ते बघून सोडून द्या, ते कधीच सुकत नाही, नुसतं आत मुरतं, धूळ धरतं आणि पुढे खवट वास मारतं. शेंगदाण्याचं पण तेच.

घाण्यावरचं कच्चं जवस पातळ लावलं तरी सुकायला बरेच दिवस घेतं. रंगाच्या दुकानात बॉईल्ड मिळतं त्यात कोबाल्ट किंवा मँगनीजचे ड्रायर घातलेले असतात, ते साधारण दिवसभरात धरतं, अर्थात पातळ हात असेल आणि हवा कोरडी असेल तर. ते खाण्याच्या भांड्याला लावू नका, गिटारला हरकत नाही. टंग ऑइल (टंग झाडाच्या बियांचं तेल) पाण्याला जास्त दाद देत नाही आणि जवसाइतकं पिवळं पडत नाही, पण शुद्ध मिळणं मुश्कील, बऱ्याच बाटल्यांवर नाव टंगचं आणि आत व्हार्निश. व्हार्निश वाईट असतं असं नाही म्हणत, फक्त काय घेतोय ते माहीत असावं.

आणि एक गोष्ट ठळक अक्षरात वाचा. जवसाच्या किंवा टंगच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना उष्णता निघते, बोळ्याच्या आत ती अडकते, वाढत जाते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं, काडी लागत नाही. बाल्कनीच्या तारेवर एकेक सुटं पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून डब्यात ठेवा. घरात वर्तमानपत्रांची रद्दी, थिनरची बाटली आणि तेलाचं फडकं एकाच कपाटात ठेवणारे महाभाग मी पाहिलेत.

डी_मायनर:
बापरे, हे माहीतच नव्हतं. माझ्या क्रिकेटच्या बॅटला जवसाचं तेल लावतो आणि फडकं किटबॅगमध्येच कोंबतो.

थिनरवाला:
आजच बाहेर काढा भाऊ.

सैल_खुंटी:
लाख कुठली घेऊ? रविवार कारंजाजवळ एका दुकानात फ्रेंच पॉलिशचा तयार डबा दिला, म्हणाला यात सगळं आहे.

सहा_तारा:
"यात सगळं आहे" हाच प्रॉब्लेम. स्वस्त तयार पॉलिशमध्ये राळ मिसळलेली असू शकते, लवकर चमकतं पण ठिसूळ राहतं. तुम्ही चपडा लाख सुटी घ्या, पातळ पापुद्र्यांची, आणि घरी भिजवा. लाख आपल्याच देशातली आहे, पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर एक किडा ती करतो, झारखंड यात सगळ्यात पुढे, रांचीजवळ लाखेवर संशोधन करणारी संस्था १९२४ पासून आहे. युरोपातल्या क्लासिकल गिटारवाले तीच लाख तिथे महागात घेतात आणि आपण मेलामाइन मारतो, असो.

मी क्लासिकल गिटारींची दुरुस्ती आणि पॉलिश करते, त्या अनुभवातून सांगते. काचेची बरणी घ्या, लोखंडी डबा नको, लाख काळी पडते. १०० मिली स्पिरिटला १२ ग्रॅम लाख म्हणजे पातळ, २४ ग्रॅम म्हणजे दाट. पहिला हात पातळ असू द्या. रात्री भिजवा, मधूनमधून हलवा, सकाळपर्यंत विरघळली पाहिजे. तळाशी लिबलिबीत गोळे राहिले तर लाख जुनी आहे, दुकानदाराला परत करा, ती लावलीत तर कधी कडक होणार नाही. विरघळलेली लाख पण जपून ठेवायची वस्तू नाही, सहा महिन्यांनंतरची मी गिटारला लावत नाही, बरणीवर तारीख लिहा. साधी लाख असेल तर बरणी न हलवता काही दिवस ठेवा, मेण खाली बसतं आणि वरचं स्वच्छ पाणी ओतून घेता येतं.

लावायला ब्रश नको. जुन्या बनियनच्या तुकड्यात कापूस घालून लिंबाएवढी पुरचुंडी करायची, खालची बाजू एकही सुरकुती नसलेली. कापसाला लाख पाजायची, वरून नाही, फडकं उघडून आतून. मग हाताच्या मागच्या बाजूला टेकवून बघायचं, ओल जाणवली पाहिजे पण थेंब उठता कामा नये. बॉडीवर विमान उतरतं तशी टेकवायची, थांबायचं नाही, जिथे थांबलात तिथे ती चिकटणार आणि खालचा थर ओढून काढणार. पहिले हात सरळ रेषेत, थर जरा बसला की मग गोल गोल. अडखळायला लागली तर पुरचुंडीला ऑलिव्ह तेलाचा एक थेंब, एकच. शेवटी ते तेल स्पिरिटच्या जवळजवळ कोरड्या पुरचुंडीने ओढून काढायचं.

दोन हातांमध्ये वेळ द्या. लाख वरून लगेच सुकल्यासारखी वाटते पण आत ओली असते. सकाळी एक सत्र, संध्याकाळी एक, बस. आणि खिडकी उघडी ठेवा, त्या स्पिरिटमध्ये मिथेनॉल असतं, बंद खोलीत डोकं धरतं.

मधला_फ्रेट:
ताई, आणि लाखेवर घाम पडला की? नाशिकचा एप्रिल, दंड टेकवून दोन तास वाजवलं की लाख मऊ. बिअर सांडली तर विषयच संपला.

सहा_तारा:
बरोबर आहे, लाख घामाला आणि दारूला नाजूक आहे, गाडीत उन्हात ठेवलीत तर उष्णतेलाही. म्हणूनच इलेक्ट्रिकवर मी नुसती लाख सुचवत नाही. पण एक गोष्ट तुमच्या पीयूकडे नाही. लाख खराब झाली की तेवढ्याच जागेवर नवा हात मारा, नवं स्पिरिट जुना थर विरघळवून त्यात मिसळतं, जोड दिसत नाही. पीयूचा टवका उडाला की तो टवकाच राहतो.

जवारी:
मिरजेकडचा आहे, सध्या नाशिकरोडला. आमच्याकडे तंबोऱ्याला परंपरेने लाखेचंच पॉलिश, भोपळ्यापासून दांडीपर्यंत. घरचा तंबोरा आजोबांच्या वेळचा आहे, मध्ये दोनदा नुसतं वरून पॉलिश करून घेतलं, जुनं खरवडावं लागलं नाही. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते वाचलं असेल. तुम्हाला शिकायचंच असेल तर कधीतरी सतारमेकर गल्लीत जाऊन पुरचुंडी कशी धरतात ते नुसतं बघत उभे राहा, व्हिडिओत ती मनगटाची हालचाल कळत नाही.

पावसाचं काय मात्र? आमच्याकडे पावसात पॉलिशचं काम शक्यतो पुढे ढकलतात.

सहा_तारा:
अगदी. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतली ओल तिथे धरते, मग लाखेत दुधाळ पांढरट ढग येतात. हलके असतील तर कोरड्या दिवशी स्पिरिटच्या पुरचुंडीने जातात, पण मुळात येऊ का द्यायचे. जुलै-ऑगस्टमध्ये नाशकात मी लाखेला हात लावत नाही, फार तर दुपारी ऊन पडलेलं असेल तर. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत तेलं रेंगाळतात. फेब्रुवारी-मार्च सगळ्यात भारी, दसरा-दिवाळीच्या मधला काळ पण चांगला.

सैल_खुंटी:
म्हणजे आता पेपर मारून ठेवतो आणि पाऊस उघडायची वाट बघतो. पण लाखेवर वरून काय? आणि नेकचं काय करू, मेपल कोरीच आहे.

रंधा_पटाशी:
बॉडीवर लाखेचे तीन-चार पातळ हात, त्यावर तेल-व्हार्निशचं मिश्रण, डॅनिश ऑइल म्हणून जे मिळतं ते. फडक्याने लावायचं, दहा-पंधरा मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून घ्यायचं. सगळं म्हणजे सगळं. लोक इथेच लोभ करतात, जाड राहिलं की चांगलं असं वाटतं, आणि मग तेच चिकट राहतं. घामाची, दंडाची जागा याने सांभाळली जाते. पूर्ण कडक झाल्यावर मधमाशीच्या मेणाचा हलका हात, वास येईनासा झाला की कडक झालं समजा.

नेकला माझं मत लाख नको. तळहात सतत फिरतो, घामाने चिकट होते आणि स्लाइड करताना अंगठा अडतो. बंदुकीच्या दस्त्यासाठी जे ट्रू-ऑइल निघतं ते गिटारवाले नेकला लावतात, जवसाच्या तेलावरच आधारलेलं आहे, पण लवकर कडक होतं. दोन-चार पातळ हात, शेवटी ६०० किंवा ८०० ने मागची बाजू मॅट करा, रेशमासारखं लागतं. मेपल पूर्ण कोरी ठेवू नका, महिनाभरात हाताच्या मळाने करडी पडते आणि ओल खाऊन वाकते पण.

शिसवीच्या फ्रेटबोर्डला फिनिश नसतंच. फ्रेटला आणि फळीला मास्किंग टेप लावून नेकचं काम करा, नंतर तारा बदलताना फ्रेटबोर्डचं मिनरल ऑइल दोन थेंब, पुसून घ्यायचं.

नेकच्या खाचेत आणि बोल्टच्या भोकांत फिनिश जाऊ देऊ नका, थर चढला की नेक घट्ट बसते आणि ओढून काढताना कडेचा टवका जातो.

मधला_फ्रेट:
ठीक आहे, पीयूची बाजू मी मागे घेत नाही पण नेकबद्दल रंधा दादांशी सहमत. माझ्या फॅक्टरीच्या गिटारची नेक मागून मीच पेपरने मॅट केलीये, चकचकीत नेक उन्हाळ्यात वैताग देते.

सैल_खुंटी:
अपडेट. पाऊस उघडला, नवरात्रात काम काढलं. थिनरने पुसल्यावर फडकं खरंच चहाच्या रंगाचं झालं. आधी तीन तुकड्यांवर करून बघितलं, एकावर नुसतं जवस, एकावर लाख आणि जवस, एकावर लाख आणि डॅनिश. पहिला अजून ढिम्म, दुसरा सुकला, तिसरा सगळ्यात कडक. मग बॉडीवर तिसरंच केलं. लाख लागल्याबरोबर सागाच्या रेषा ज्या काही उठल्या, चौकटीत इतकी वर्षं ऑइल पेंटखाली हे लपलं होतं यावर विश्वास बसत नाही. जुन्या खिळ्याचं एक भोक मुद्दाम तसंच ठेवलंय, कडेने लोखंडाचा काळा डाग आहे, घरचे म्हणतात भरून टाक, मी नाही भरणार. फोटो टाकलेत.

डी_मायनर:
खतरनाक!! आवाज?

सैल_खुंटी:
जड आहे, साग आहे शेवटी, खांदा बोलतो. आवाज चांगला आहे पण तो पिकअपचा की लाकडाचा यावर मी मधला_फ्रेट साहेबांशी भांडणार नाही. आता शिसवीच्या फळीकडे वळू का? अकूस्टिकला हाच क्रम चालेल?

सहा_तारा:
नाही चालणार, तिथे नियम बदलतात. अकूस्टिकची वरची फळी स्वतः थरथरून आवाज देते, तिथे जाड थर म्हणजे आवाजावर ओली चादर, त्यामुळे स्प्रूसच्या टॉपवर नुसती लाख, तीही किमान, तेल तर नकोच. शिसवी मागच्या आणि बाजूच्या फळ्यांना वापरा. आणि मुख्य धोका असा की शिसवीचा रंग स्पिरिटमध्ये सुटतो. पुरचुंडी शिसवीवरून फिरवून तशीच टॉपच्या कडेला नेलीत तर पांढऱ्या स्प्रूसवर आणि बाइंडिंगवर (कडेच्या पट्टीवर) जांभळट-तपकिरी फराटे उठतात आणि ते निघता निघत नाहीत. दोन्हीला वेगळ्या पुरचुंड्या, आणि हात कायम पांढऱ्याकडून काळ्याकडे. ब्रिजची (तारा जिथे अडकवतात त्या पट्टीची) जागा टेपने झाकून कोरी ठेवा, लाखेवर सरस धरत नाही, तारांच्या ओढीने ब्रिज उपटून येतो.

जवारी:
शिसवीची गिटार कोणा नातेवाईकाला परदेशात पाठवणार असाल तर एक बघून घ्या, डाल्बर्जियाची (शिसवी त्यातच येते) सगळी जात २०१७ पासून साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहे. २०१९ च्या शेवटी तयार वाद्यांना सूट मिळाली, पण नुसत्या फळ्यांना नाही.

सैल_खुंटी:
परदेशात कोण घेतंय, घरातल्या घरात वाजली तरी खूप. ताई, फळी साधारण दीड इंच जाड आहे, मागच्या फळ्या त्यातून चिरून घेता येतील ना?

सहा_तारा:
आधी टोकाकडून बघा, वर्षवलयं उभी दिसतात की आडवी. उभी असतील तर बँडसॉवर चिरून घ्या, ४ मिमीला चिरा, पेपर मारून अडीचपर्यंत येईल. आडवी असतील तर पातळ केल्यावर वाकेल, मग तिचे फ्रेटबोर्ड आणि ब्रिज करा. फोटो काढून नवीन धागा काढा, इथे खिचडी होईल.